‘साउंड ऑफ’ म्हणजे आवाज बंद नव्हे

प्रश्न असा: ‘ही साउंडेड ऑफ अबाउट टॅक्सेस’ याचं मराठी ‘करांबाबत तो गप्प बसला’ असं केलं तर चालेल का?

अजिबात नाही, अर्थ नेमका उलटा होतो. दिवा ऑफ, पंखा ऑफ, तसा साउंडही ऑफ, हा हिशेब इथे लागू नाही. कुणी विचारलेलं नसताना आपलं मत चढ्या आवाजात ऐकवायचं, हे ‘साउंड ऑफ’. काही जण त्याला ‘आवाज उठवणे’ म्हणतात, तेही मला मान्य नाही. आवाज अन्यायाविरुद्ध उठवतात. इथे नुसता तोंडाचा पट्टा सुटलेला असतो.

हा शब्दप्रयोग अमेरिकी लष्करातला. संचलनात ‘साउंड ऑफ’ असा हुकूम सुटला की बँड तीन स्वरमेळ वाजवतो, रांगेसमोरून वाजवत फिरून येतो आणि पुन्हा तेच तीन वाजवतो. सैनिकांना हा हुकूम मिळाला की आपलं नाव किंवा क्रमांक खणखणीत पुकारायचा. 1944 साली फोर्ट स्लोकम या लष्करी तळावर विली डकवर्थ या सैनिकाने कूच करताना म्हणायची जी आरोळी रचली, तिच्यातून हा प्रयोग जन्मला असं कुणी सांगितलं तर ऐकू नका. तो त्याआधीच रुळलेला होता.

‘साउंड’ तर आपल्या घरातलाच. लॅटिन ‘सोनुस’ आणि संस्कृत ‘स्वन’, म्हणजे ध्वनी, हे सख्खे भाऊ. भाषाविज्ञानातल्या ‘स्वनिम’मध्ये बसलेला स्वन तो हाच. शेवटचा ‘ड’ मागाहून चिकटला, मध्ययुगीन इंग्रजीत नुसतं ‘सून’ होतं.

मात्र ‘साउंड आउट’मधला साउंड या कुळातला नाही, आणि माझा सगळ्यात लाडका तोच. तो फ्रेंच ‘सोंदे’वरून आला, म्हणजे पाण्याची खोली मोजणे. खलाशी दोरीला शिशाचं वजन बांधून सोडत. वजनाच्या बुडाशी खळगा असे, त्यात चरबी भरलेली. तळाची वाळू, चिखल, शिंपल्यांचा चुरा तिला चिकटून वर येई. पाणी किती खोल आणि खाली काय आहे, दोन्ही एका फेकीत कळे. आपणही पाण्याचा ठाव घेतो आणि मनाचाही ठाव घेतो. ‘साहेबांना आधी साउंड आउट करा’ म्हणजे त्यांच्या मनाचा ठाव घ्या. मीटिंगांमध्ये लोक इथे सर्रास ‘साउंड ऑफ करा’ म्हणतात, ते कृपा करून थांबवा.