लोक हसले तर?

अपंगत्व असलेले आणि नसलेले कलाकार मिळून नाटक बसवतात, अशा गटात मुलाला पाठवायचं का, हे विचारायला आता बरेच पालक येतात. शब्द वेगळे, पण भीती तीच. लोक हसले तर? नाहीतर नुसती कीव म्हणून टाळ्या वाजवल्या तर?

एका आईंची गोष्ट सांगते. तपशील अर्थातच बदललेले आहेत. मुलगा विशीतला, सेरेब्रल पाल्सी असलेला, म्हणजे मेंदूतल्या दोषामुळे स्नायूंवर पुरता ताबा नसलेला. शब्द ओढत येतात, समज मात्र लख्ख. तालमी सुरू झाल्या आणि आईंची झोप उडाली.

"मॅडम, त्याच्या बोलण्याला कुणी हसलं तर तो कोलमडेल."

"असं तो म्हणाला?"

"त्यानं म्हणायला कशाला हवं? आई आहे मी."

प्रसंग अजून घडलेला नसतो, पण मनात त्याची उजळणी चालू असते आणि दर वेळी मूल हरलेलंच असतं. माणसाला प्रसंगापेक्षा त्याला लावलेला अर्थ जास्त छळतो, ही माझी धारणा इतक्या वर्षांच्या कामात पक्कीच होत गेली आहे. म्हणून पुढच्या भेटीला मुलालाही बोलावलं.

"लोक हसतील अशी आईला काळजी वाटते. तुला?"

आई उत्तर द्यायला सरसावल्या. मी हातानंच थांबवलं. त्याला वाक्य जुळवायला वेळ लागला, आम्ही दोघी थांबलो.

"हसायलाच... पाहिजेत. माझी भूमिका... विनोदी आहे."

मग आईकडे वळून म्हणाला, "परवा... कुणीच हसलं नाही. मी पॉज... खाल्ला."

आई बघतच राहिल्या. भूमिका विनोदी आहे हेच त्यांना माहीत नव्हतं. मुलाची काळजी होती ती निव्वळ नटाची, हशा वसूल कसा करायचा याची. त्या भेटीत आईंनी त्याला पहिल्यांदा विचारलं, "कुठलं वाक्य रे?" त्यानं म्हणून दाखवलं, या वेळी पॉज घेऊन. आणि आई खळखळून हसल्या. ते हसू ऐकताना मला माझ्या कामाचं खरं समाधान मिळालं. टवाळी आणि दाद यांतला फरक मी तासभर समजावला असता, तरी तो इतका पोचला नसता.

अमेरिकन अभिनेत्री अ‍ॅली स्ट्रोकर हिला 2019 मध्ये टोनी हा तिथल्या रंगभूमीवरचा मानाचा पुरस्कार मिळाला. व्हीलचेअर वापरणाऱ्या कलाकाराला मिळालेला तो पहिलाच टोनी, आणि तो 'ओक्लाहोमा!' या संगीत नाटकातल्या एका खट्याळ, विनोदी भूमिकेसाठी. त्याच सोहळ्यात प्रेक्षागृहातून रंगमंचावर जायला उतार नव्हता, म्हणून तिला पडद्यामागे थांबावं लागलं.

त्यामुळे मी पालकांना सांगते, काळजी करायचीच तर अशा गोष्टींची करा. उतार रंगमंचापर्यंत आणि मेकअप रूमपर्यंत आहे का? संहिता ब्रेलमध्ये, मोठ्या अक्षरांत किंवा ध्वनिमुद्रित, ज्याला जशी हवी तशी, आधीच मिळते का? सांकेतिक भाषेचा दुभाषी बोलणाऱ्या पात्राच्या जवळ उभा असतो, की कोपऱ्यात? बाकीचे कलाकार सहकलाकार म्हणून वावरतात, की मदतनीस म्हणून? आणि दिग्दर्शक चूक दाखवतो का? माझ्या लेखी ही सगळ्यांत खात्रीची खूण. जिथे तुमच्या मुलाच्या प्रत्येक वाक्याला नुसती 'वा वा' होते, तिथे त्याला नट म्हणून कुणी पाहिलेलंच नसतं.

काही पालक 'नाटकानं त्याच्यात सुधारणा होईल ना?' असंही विचारतात. होईलही. पण संयुक्त राष्ट्रांच्या 2006 च्या अपंग हक्क कराराचं कलम 30 म्हणतं की अपंग व्यक्तींना आपली कला फुलवण्याची संधी मिळावी ती केवळ त्यांच्या भल्यासाठी नव्हे, समाज समृद्ध व्हावा म्हणूनही. तेव्हा तालमीहून आल्यावर 'किती सुधारलास?' असं विचारू नका, 'आज कुठला प्रवेश बसवला?' असं विचारा. आणि काही तालमींनंतर तो म्हणाला की मला नाटक आवडत नाही, तर तेही ऐका.