खाडीचे तोंड बांधले तर खारजमीन गोडी होईल का?

प्रश्न : रायगडच्या खारपट्ट्यातील काही शेतकऱ्यांनी विचारले आहे, की हॉलंडमध्ये समुद्र बांध घालून तोडला, आत गोड्या पाण्याचा तलाव झाला आणि शेती पिकू लागली. आमच्या खाडीच्या तोंडालाही तसाच बांध घातला, तर खाचरे सुधारून दुबार पीक घेता येईल का?

सल्ला : शेतकरी बंधू-भगिनींनो, तुम्ही ऐकले ते खरे आहे. तिथल्या झायडर झी या उथळ समुद्राच्या तोंडावर कॉर्नेलिस लेली या अभियंत्याच्या योजनेनुसार सुमारे ३२ किलोमीटरचा बांध घातला गेला आणि १९३२ साली तो पूर्ण झाला. पाच-एक वर्षांत आतले पाणी गोडे झाले. पण ते नुसत्या बांधाने झाले नाही. ऱ्हाईनची एक शाखा, आयसेल नदी, बारमाही त्या तलावात येते. तिचे पाणी खाऱ्या पाण्याला ढकलत राहिले आणि ते बांधातल्या २५ दरवाजांतून ओहोटीला समुद्रात सोडले गेले. आपल्या उघाड्या, म्हणजे बांधातल्या झडपेच्या मोऱ्या, नेमके हेच काम करतात. कोकणातल्या बहुतेक नद्या मात्र दिवाळीनंतर रोडावतात. मग बांधाआड पाणी साचेल, पण उन्हाळ्यात ते आटून पुन्हा खारट होईल. शिवाय पावसाळ्यात उधाण आणि पूर एकाच वेळी आले, तर ते पाणी बाहेर न जाता भातातच तुंबेल.

दुसरी गोष्ट माझ्या मते याहून महत्त्वाची आहे. पाणी गोडे झाले म्हणून जमीन गोडी होत नाही. तिथे नवी जमीन पाण्याबाहेर आली तेव्हा तो निव्वळ चिखल होता. पूर्व फ्लेव्होलँड या भागात विमानातून बोरूचे (ताग नव्हे, पाणथळीत वाढणारे नळासारखे उंच गवत) बी फेकले, कारण बोरू चिखलातले पाणी शोषतो आणि तण दाबतो. मग चर खणले, निचरा केला, सुरुवातीला मोहरीच्या जातीचे तेलबियांचे पीक घेतले. सरकारने काही वर्षे स्वतः शेती करून मगच शेतकऱ्यांना जमिनी दिल्या. १९४५ मध्ये वीरिंगरमीर या भागाचा बांध जर्मन सैन्याने उडवला आणि सगळी शेते बुडाली. पण आत शिरले ते तलावाचे गोडे पाणी. मीठ नव्याने चढले नाही, त्यामुळे पाणी उपसल्यावर शेती लवकर उभी राहिली. आपल्याकडे खांड गेली, म्हणजे बांध फुटला, की खाडीचे खारे पाणी शिरते आणि जमीन काही वर्षे मागे जाते.

आणि मासेमारीचे बघा. हेरिंग आणि अँकोव्ही तिथून नाहीसे झाले. कोळ्यांसाठी १९२५ मध्येच मदतीचा कायदा करावा लागला होता. आपला जिताडा गोड्या पाण्यात वाढतो, पण अंडी घालायला त्याला खाडीचे तोंड मोकळे लागते. तुमच्या शेजारच्या कोळीवाड्याला विचारल्याशिवाय ही मागणी पुढे नेऊ नका.

यंदा आपल्या हातात आहे ते करा. एप्रिल-मेमध्ये क्षार वर येतात तेव्हा मातीचा नमुना द्या. क्षारता (अहवालातली विद्युत वाहकता, ईसी) ४ डेसीसायमन प्रति मीटरपेक्षा जास्त आली तर जमीन खारवट समजा. जिप्सम मात्र अहवालात विनिमययोग्य सोडियम (मातीच्या कणांना चिकटलेले सोडियम) १५ टक्क्यांवर असेल तरच टाका. साध्या खारवट जमिनीत तो पैसा वाया जातो. पहिल्या जोरदार पावसाचे पाणी खाचरात दोन-तीन दिवस धरा, चिखलणी करून ओहोटीला उघाडीतून सोडा, आणि असे दोन-तीनदा करा. उघाडीची झडप घट्ट बसते का, हे पावसाआधीच बघा. भरतीला तिच्या कडेने पाणी झिरपत असेल तर बाकी सगळी मेहनत फुकट जाते. भातासाठी पनवेल-१, २ किंवा ३ हे क्षार सोसणारे वाण घ्या. कापणीनंतर जमीन उघडी ठेवू नका, पेंढा पसरा, म्हणजे ऊन लागून क्षार वर येणार नाहीत. रब्बीसाठी शेततळे करायचे असेल तर उथळ ठेवा आणि प्लास्टिकचे अस्तर घाला, नाहीतर खालचे खारे पाणी त्यात झिरपेल.