तांबडी नसलेली तांबोशी

विचारणा अशी आहे: खाडीत गळाला लागलेल्या वीतभर माशाला गावातले लोक 'तांबोशी' म्हणाले; पण तो हिरवट-करडा होता आणि अंगावर पाठीकडून पोटाकडे उतरणारे फिकट पट्टे होते. बाजारातली तांबोशी तर लालसर असते. मग खरी कुठली? आणि लिखाणात तिला 'रेड स्नॅपर' म्हणावं का?

दोन्ही खऱ्याच. 'तांबोशी'तला 'तांब' मला तांबे, तांबडा, तांबूस यांच्याच कुळातला वाटतो. काही ठिकाणी नुसतं 'तांब' म्हणतात, गोव्यात 'तामसो'. पण हा रंग मोठ्या माशाचा. पिल्लं वाढतात खाडीत, कांदळवनाच्या मुळांच्या आडोशाला. तिथल्या गढूळ पाण्यात ते पट्टे त्यांना लपवतात. गालावर एखाद-दुसरी निळी रेघही असते. मोठं झालं की मासा खाडी सोडून खडकाळ तळाकडे, प्रवाळांकडे जातो, शंभर मीटरपेक्षाही खोल. पट्टे पुसट होतात आणि खोल पाण्यातल्या माशाला तांबूस झाक चढते. दिवसा खडकाच्या कपारीत आणि रात्री कोलंबी, कुर्ल्या, लहान मासे यांच्या मागावर. म्हणजे गावकऱ्यांनी रंग पाहून नाव घेतलं नाही, मासा ओळखून घेतलं. बोलीतली अशी अचूकता मला फार मोलाची वाटते.

याच माशाचं शास्त्रीय नाव लुत्यानस अर्जेंटिमॅक्युलॅटस. वर्णन 1775 सालचं, निसर्गशास्त्रज्ञ फोर्सकोल यांचं, तेही तांबड्या समुद्रातल्या माशावरून! 'अर्जेंटिमॅक्युलॅटस' म्हणजे रुपेरी ठिपक्यांचा: त्यांना दिसले रुपेरी ठिपके, कोकणाला दिसलं तांबं. 'लुत्यानस' हे प्रजातीनाव मात्र मलय कोळ्यांच्या 'लुतजांग'वरून आलेलं, तेव्हा बोलीतला शब्द शास्त्रात जातो तो असा.

'रेड स्नॅपर'बद्दल माझं मत स्पष्ट आहे: टाळावं. पुढच्या सुळ्यांसारख्या दातांनी चटकन जबडा मिटतो म्हणून 'स्नॅपर', इथवर ठीक. पण मूळचा रेड स्नॅपर मेक्सिकोच्या आखाताकडचा, लुत्यानसच्याच गोतातला पण वेगळा मासा. अमेरिकेत ते नाव फक्त त्यालाच लावून विकता येतं. आपल्याकडे तर राणी माशालाही कुणी लाल रंग पाहून स्नॅपर म्हणतं, तो कुळानेच निराळा.

तेव्हा सरळ 'तांबोशी' लिहा, आणि स्त्रीलिंगी: ती तांबोशी. गोव्यातल्या पात्राच्या तोंडी असेल तर तो तामसो.