पियानो सपाट वाजतो, काय करू?

प्रश्न: दोन वर्षं पियानो शिकतेय, गाणी बरोबर वाजतात पण एकदम सपाट, शाळेतल्या प्रार्थनेसारखी. काय करू?

उत्तर: अहो, ग्रेस नोट शिका, म्हणजे मुख्य सुराच्या आधी निसटता लावलेला छोटा सूर, आपला कणस्वरच की! सी मेजर कॉर्डमधला (सी, ई, जी एकत्र) ई वाजवायच्या आधी त्याच्या डावीकडची काळी पट्टी, ई फ्लॅट, नुसती निसटती दाबायची आणि त्याच बोटाने घसरून ई वर यायचं, ब्लूज या अमेरिकन संगीतप्रकारातले वादक हे सतत करतात. काळीवरून पांढरीवर बोट आरामात घसरतं, उलटं जायचं तर दोन बोटं लागतात. आधी हळू, सूर लांबवणारं पायाजवळचं पेडल न दाबता करा, नाहीतर दोन्ही सूर एकमेकांत मिसळून नुसता कालवा. आणि प्रत्येक सुरावर नको हां, मी सुरुवातीला सगळीकडे घातलं तर आई म्हणाली, पियानोला उचकी लागलीय का रे?