बोलोन्याच्या जेवणासाठी सोनं गहाण?

सांगलीहून एका शिक्षिकेचं पत्र आलं आहे. लग्नाला वीस वर्षं होतायत, म्हणून येत्या दिवाळीच्या सुट्टीत यजमानांबरोबर उत्तर इटलीला जायचं आहे, आणि तेही खाण्यासाठी. चौदा रात्री आणि सात शहरं: तोरिनो, मिलान, वेरोना, व्हेनिस, पार्मा, मोदेना, बोलोन्या. त्यांचा अंदाज 7 लाख 20 हजारांचा. खास या सहलीसाठी चालवलेलं रिकरिंग जूनमध्ये 4 लाख 30 हजारांना पिकतं. उरलेले तीनेक लाख कुठून आणायचे, हा प्रश्न. पर्याय तीन: बांगड्यांवर सोनेतारण कर्ज, 12 टक्क्यांनी तीन वर्षांचं वैयक्तिक कर्ज, नाहीतर मुलीच्या शिक्षणासाठी म्युच्युअल फंडात साठवलेल्या 9 लाखांना हात. मुलगी आता अकरावीत आहे.

ताई, सहल करा, पण तिन्हीपैकी एकही पर्याय नको. तीन लाख उभे कसे करायचे ते मी सांगणार नाही, ते लागतच कसे नाहीत ते सांगतो.

आधी कर्जाचं बघू. तीन लाख, 12 टक्के, 36 महिने म्हणजे हप्ता सुमारे 9,965 रुपये आणि एकूण व्याज 58 हजारांच्या वर. युरो 105 रुपयांना धरला (पुढचे सगळे आकडे याच भावाने आहेत), तर हे 560 युरो होतात. बोलोन्यात दोघांनी नीट जेवायला दिवसाला 70 युरो पुरतात. म्हणजे आठ दिवसांचं जेवण तुम्ही बँकेला वाढून येणार.

सोनेतारणाचा दर कमी असतो हे खरं. पण माझ्याकडे येणाऱ्या घरांमध्ये मी एकच गोष्ट पुन्हा पुन्हा पाहतो: वर्षअखेरीला फक्त व्याज भरलं जातं, तारण नवं करून घेतलं जातं, आणि मुद्दल तिथेच बसून राहतं. त्यात ऐन मुलीच्या प्रवेशाच्या वर्षी बांगड्या बँकेत असणं बरं नाही. अडीअडचणीला त्याच तर कामी येणार आहेत.

तारणाचा विषय निघालाच आहे तर एक गंमत सांगतो, कारण ती तुमच्या वाटेवरचीच आहे. एमिलिया भागात क्रेदितो एमिलियानो नावाची बँक आहे. ती पार्मिजानो रेज्जानो चीजच्या चाकासारख्या गोल लाद्यांवर कर्ज देते, गेल्या शतकाच्या मध्यापासून. एकेक चाक चाळीसेक किलोचं. त्यासाठी साडेपाचशे लिटरच्या आसपास दूध लागतं, आणि किमान बारा महिने मुरल्याशिवाय त्याला ते नाव मिळत नाही. चीज करणाऱ्याचा पैसा वर्ष-दोन वर्षं फळीवर अडकून पडतो, म्हणून बँक चाकं आपल्या गोदामात ठेवून घेते आणि पैसे देते. सांगलीत बेदाणा शीतगृहात ठेवून त्यावर कर्ज उचलतात, त्यातलाच प्रकार. पण दोन्हीकडे तारण ठेवलेला माल कर्ज फेडायची सोय करत असतो. चीज मुरतं तशी त्याची किंमत चढते, बेदाणा भाव आला की विकता येतो. खाऊन झालेल्या जेवणाच्या हप्त्यामागे असं काहीच उभं नसतं.

आता सहलीकडे. तुमचा तक्ता मी दोनदा पाहिला. सगळी बचत तुम्ही जेवणात करायला निघाला आहात: एक वेळ सँडविच, रात्री सुपरमार्केट. आणि पैसा वाहतोय तो हॉटेलं बदलण्यात. सात शहरं म्हणजे सहा वेळा सामान बांधणं, व्हेनिसच्या दोन महागड्या रात्री, जलद गाड्यांची तिकिटं आणि प्रत्येक मुक्कामाचा जवळपास अर्धा दिवस वाया. खाण्यासाठी जाऊन खाण्यातच काटकसर, हे गणित उलटं आहे.

नकाशा उघडून मिलान ते बोलोन्या अशी रेघ मारा. पियाचेन्झा, पार्मा, रेज्जो एमिलिया, मोदेना आणि बोलोन्या ही गावं एका ओळीत लागतात, कारण ती एकाच रोमन रस्त्यावर वसली आहेत. इसवी सनपूर्व 187 मध्ये बांधलेल्या त्या व्हिया एमिलियाच्या कडेनेच आज रेल्वे जाते. बोलोन्याहून मोदेना साधारण अर्ध्या तासावर, पार्मा तासाभरावर. 'रेजोनाले' म्हणजे साध्या गाडीचं तिकीट अंतरावर ठरतं. आधी काढलं म्हणून स्वस्त नाही, आयत्या वेळी काढलं म्हणून महाग नाही. कागदी तिकीट असेल तर चढण्याआधी फलाटावरच्या यंत्रात शिक्का मारून घ्यायचा, नाहीतर दंड.

म्हणून माझी मांडणी अशी: मिलानमध्ये दोन रात्री, बोलोन्यात सात. मोदेना, पार्मा, वेरोना आणि हवं तर व्हेनिस, हे सगळं बोलोन्याहून सकाळी जाऊन रात्री परत. तोरिनो गाळा. कॉफी, चॉकलेट आणि सायीचा तिथला बिचेरिन हुकेल याचं मलाही वाईट वाटतं, पण ते एकटं शहर बाकीच्या रेघेपासून दूर पडतं आणि पूर्ण एक मुक्काम मागतं.

खर्च दोघांचा मिळून. विमान 1,30,000, दिवाळीचे दिवस म्हणून थोडं चढंच धरलंय. मिलानला उतरून बोलोन्याहून परतीचं तिकीट मिळालं तर उलटा प्रवास वाचेल. व्हिसा आणि विमा 25,000: शेंगेन व्हिसाचं शुल्क माणशी 90 युरो, वर व्हिसा केंद्राचं सेवाशुल्क, आणि विमा किमान 30,000 युरोंचा सक्तीचा. नऊ रात्रींचं राहणं, शहराच्या मुक्काम करासकट 1,100 युरो म्हणजे 1,15,500. रेल्वे 21,000. जेवणखाण दहा दिवसांचं 73,500. चीजचा कारखाना, पास्त्याचा एखादा वर्ग आणि एक थाटाचं जेवण यांना 31,500. किरकोळ 10,500. बेरीज 4 लाख 7 हजार. तुमच्या रिकरिंगमधून 23 हजार शिल्लक राहतात, ते अडीनडीसाठी.

बुकिंग करण्याआधी एक बघा. बोलोन्या हे प्रदर्शनांचं शहर आहे, आणि मोठं प्रदर्शन असलं की हॉटेलांचे दर भलतेच चढतात. सप्टेंबरअखेर फरशी-टाइल्सचं असतं, आणि सम वर्षी नोव्हेंबरात 'एइमा' हे शेती यंत्रांचं. त्या तारखा टाळून दिवाळीनंतरचा आठवडा मिळाला तर 105 युरोंत बरी खोली मिळावी.

जेवणाचे 70 युरो कमी वाटत असतील तर हिशेब देतो. टालियातेल्ले अल रागूची (खिम्याच्या रश्श्यातल्या चपट्या पट्ट्यांच्या पास्त्याची) ताटली बारा ते पंधरा युरो. बसून जेवलं की माणशी दोन-तीन युरो 'कोपेर्तो' लागतो. ती फसवणूक नाही, ते टेबलावर बसण्याचं शुल्क. कॉफी उभ्याने प्यायली तर दीड युरोच्या आत, बसून प्यायली की जास्त. आणि बोलोन्यात स्पॅगेटी बोलोनेझ शोधू नका, गावकऱ्यांच्या लेखी तसा पदार्थच नाही. रागू टालियातेल्लेवरच. तिची शिजल्यावरची रुंदी 8 मिलिमीटर, असं 1972 मध्ये नोंदवून तिथल्या चेंबर ऑफ कॉमर्समध्ये चक्क सोन्याची टालियातेल्ले ठेवली आहे. त्या गावात तेवढं एकच सोनं ठेवलेलं पुरे.

मोदेनातल्या ओस्तेरिया फ्रांचेस्कानाचं तुम्ही विचारलंय. मास्सिमो बोत्तुरांचं हे हॉटेल 2016 आणि 2018 मध्ये जगातल्या पन्नास उत्तम हॉटेलांच्या यादीत पहिलं होतं. तिथलं जेवण माणशी 300 युरोंच्या वर, म्हणजे दोघांचे 63 हजार तरी, पेय वेगळं. थाटाच्या जेवणासकट मी तीन गोष्टींना मिळून त्याच्या निम्मे ठेवले आहेत. माझं मत नाही असं. पण ते जेवण हेच तुमचं वीस वर्षांचं स्वप्न असेल, तर व्हेनिस सोडा, दोन रात्री कमी करा आणि तिथे जा. कर्ज मात्र त्यासाठीही नको.

सहल कंपनीने तुम्हाला माणशी 3 लाख 90 हजारांचा भाव दिलाय, रोज रात्री भारतीय जेवणासह. खाण्याच्या सहलीत रात्रीचं पनीर कशाला, हे तुम्हीच बघा. शिवाय परदेशी पॅकेजवर पहिल्या रुपयापासून टीसीएस, म्हणजे कंपनीने विकतानाच वसूल केलेला आयकर, कापला जातो. तो कर विवरणपत्रात वळता होतो, पण तोवर पैसा अडकतो. नुसतं विमानाचं तिकीट किंवा नुसतं हॉटेल स्वतः बुक केलं तर ते पॅकेज धरलं जात नाही.

पैसे न्यायचे ते फॉरेक्स कार्डावर, जूनपासून दोन-तीन टप्प्यांत युरो भरून. साध्या क्रेडिट कार्डावर बहुधा साडेतीन टक्के आणि त्यावर जीएसटी, म्हणजे 4.13 टक्के जातात. फक्त हॉटेलांच्या बिलावरच हे पावणेपाच हजार झाले. दुकानात यंत्राने 'रुपये की युरो' विचारलं तर युरोच सांगा. आणि व्हिसासाठी बँकेचं गेल्या काही महिन्यांचं स्टेटमेंट द्यावं लागतं, त्यात ऐनवेळी आलेली मोठी रक्कम नजरेत भरते. कर्ज नको म्हणण्याचं हेही एक कारण. रिकरिंगची नोंद आपोआप पटते.

मुलीच्या 9 लाखांचं मात्र सहल असो वा नसो, बघायलाच हवं. प्रवेश दीड वर्षावर आला आणि पैसे अजून पूर्ण इक्विटी फंडात आहेत. बाजार त्याच महिन्यात आपटला तर फी थांबणार नाही. थोडे युनिट मार्चआधी आणि थोडे एप्रिलनंतर विकून लिक्विड फंडात किंवा ठेवीत हलवा. इक्विटीच्या दीर्घ मुदतीच्या नफ्यावर दर आर्थिक वर्षी सव्वा लाखापर्यंत कर नाही, त्यापुढे 12.5 टक्के आहे. दोन वर्षांत विभागलं की सवलत दोनदा मिळते.

शेवटी दोन बारीक गोष्टी. मोदेनाचं पारंपरिक बाल्सामिक व्हिनेगर घ्यायचं म्हणता, ते किमान बारा वर्षं मुरलेलं असतं आणि ठरलेल्या आकाराच्या 100 मिलिलिटरच्या बाटलीतच येतं. पन्नासेक युरो पडतील, ते त्या 23 हजारांतून घ्या. दुसरं, यजमान शाकाहारी आहेत असं लिहिलंय. पार्मिजानो वासराच्या रेनेटशिवाय, म्हणजे त्याच्या पोटातून काढलेल्या विरजणाशिवाय, बनत नाही, आणि त्या भागात ते भोपळ्याचं सारण भरलेल्या तोर्तेल्ली पास्त्यापासून सगळ्यावर किसून पडतं. त्यांना हे चालतं का, ते विमानाची तिकिटं काढायच्या आधी विचारा. नाही म्हणाले, तर माझा हा अख्खा तक्ता बाजूला ठेवून मला पुन्हा लिहा.