दाताची ‘नस’ म्हणजे नेमकं काय?

दंतवैद्यक शिकणाऱ्या मुंबईतल्या एका विद्यार्थिनीने विचारलं आहे: प्रबंधाच्या मराठी गोषवाऱ्याला ‘दाताच्या नसेतील प्रथिनांचे मापन’ हे शीर्षक चालेल का?

नाही चालणार. दादर ते डोंबिवली, ‘नस मारली’, ‘नस काढली’ ऐकून कान किटले. रूट कॅनालमध्ये निघते ती दंतमज्जा: रक्तवाहिन्या, संयोजी ऊती आणि त्यात चेतातंतू, म्हणजे नर्व्हचे धागे. धागा तुटला तरी चेतापेशी सहसा मरत नाही. तिचा मुख्य भाग कवटीच्या तळाशी, ट्रायजेमिनल गँग्लियन नावाच्या चेतापेशींच्या गाठीत असतो. प्रथिनं बहुतेक तिथे बनतात आणि तंतूतून दातापर्यंत पोचतात. म्हणून मज्जेतला आरएनए (प्रथिन बनवण्याचा निरोप नेणारा रेणू) मोजून चेतांचा हिशोब लागत नाही, प्रथिनंच मोजावी लागतात.

आता खरी गंमत. मज्जा हा आयुर्वेदातला सहावा धातू, हाडाच्या पोटातला. फारसी ‘मग्ज़’ ही तिची सख्खी बहीण, आणि तोच आपला मगज! मेंदूही मगज आणि मिठाईवरचा कलिंगडाच्या बियांचा गरही मगज. रशियन ‘मोझ्ग’ तर मेंदूलाही लागतो आणि हाडातल्या मज्जेलाही. कठीण कवचातला मऊ ऐवज, हाच सगळ्यांतला समान धागा. मग ‘दंतमगज’ काय वाईट होता? जाहिरातीतली ‘मज्जाच मज्जा’ मात्र या घरातली नव्हे. ती मजा, फारसीत तिचा अर्थ चव.

‘दंतमज्जेतील मज्जातंतू’ लिहिलंत तर वाचक मज्जेचेच धागे समजेल. विश्वकोशाची ‘तंत्रिका’ हिंदीच्या वळणाची, तिचा आग्रह धरणाऱ्यांनी ती एकदा बोलून दाखवावी. शाळेच्या पुस्तकातली ‘चेता’ बरी.

गोषवाऱ्यात ‘नमुना घेतला’ एवढ्यावर भागवू नका. एका दाताची मज्जा सरासरी ०.०२ घन सेंटिमीटर, त्यात चूक पचत नाही. काढलेल्या दाताला पाण्याच्या फवाऱ्याखाली खाच पाडायची, पण मज्जेपर्यंत बर (ड्रिलचं टोक) न्यायचा नाही, उष्णतेने प्रथिनं बिघडतात. पुढे छिन्नीने दुभंगायचा. मज्जा लगेच द्रव नायट्रोजनमध्ये, मग उणे ८० अंशांवर. उशीर झाला तर सब्स्टन्स पी, सीजीआरपी यांसारख्या चेतांतल्या पेप्टाइडांना (छोट्या प्रथिनांना) विकरं, म्हणजे एन्झाइम्स, तोडून टाकतात. म्हणून मज्जा कुटताना या विकरांना अडवणारा प्रोटिएज रोधक हवाच. एलायझा या प्रथिनं मोजणाऱ्या चाचणीचा आकडा ऊतीच्या किंवा एकूण प्रथिनाच्या दर मिलिग्रॅममागे द्यायचा, नाहीतर दाढ आणि पटाशी यांची तुलना फोल. आणि नेस्टिन या प्रथिनाला चेतांची खूण मानू नका, ते डेंटिन (दाताचा मज्जेभोवतीचा कठीण थर) घडवणाऱ्या ओडोंटोब्लास्ट पेशींतही सापडतं.

हो, शीर्षक राहिलं: ‘दंतमज्जेतील चेता-प्रथिनांचे मापन’.