विषुववृत्ताजवळ चक्रीवादळ होत नाही म्हणतात, मग 2001 मध्ये सिंगापूरजवळ कसं झालं?

तुमचा दुसरा प्रश्नही महत्त्वाचा आहे: समुद्रापासून इतक्या लांब विदर्भात बसून याचा विचार का करायचा? मी भंडारा जिल्ह्यात भूगोल शिकवतो, म्हणून दोन्हींचं उत्तर देतो.

विषुववृत्ताजवळ वादळ होत नाही, हे पुस्तकातलं म्हणणं बरोबर आहे. पृथ्वीच्या फिरण्यामुळे वारा वळतो, ते वळण विषुववृत्तावर शून्य असतं. म्हणून विषुववृत्तापासून 5 अंशांच्या आत वादळाला गरका सहसा मिळत नाही. पण 26 डिसेंबर 2001 रोजी ‘वामेई’ नावाचं हे चक्रीवादळ विषुववृत्ताच्या जेमतेम दीड अंश उत्तरेला तयार झालं. त्याला गरका आयता मिळाला. हिवाळ्यात बोर्निओच्या किनाऱ्याजवळ हवेचा एक भोवरा बऱ्याचदा असतो. त्या वर्षी तो दक्षिण चीन समुद्राच्या अरुंद भागावर सरकला, आणि उत्तरेकडून थंड वाऱ्याचा जोरदार लोंढा जवळजवळ आठवडाभर त्याच्या बाजूने वाहत राहिला. वैनगंगेला पूर असताना पुलाच्या खांबामागे पाणी कसं गरगरतं, तसंच. हे सगळं एकाच वेळी जुळून येणं फार दुर्मिळ. शास्त्रज्ञांचा अंदाज शंभर ते चारशे वर्षांत एकदा असा आहे.

दुसऱ्या दिवशी ते मलेशियाच्या जोहोरमध्ये धडकलं. जोहोर आणि पाहांगमध्ये पूर आला, दरडी कोसळल्या, हजारो लोकांना घरं सोडावी लागली, 5 जणांचा जीव गेला. जमिनीवर येताच वाऱ्याचा जोर ओसरला, पाऊस मात्र थांबला नाही.

आपला संबंध इथेच येतो. विदर्भात चक्रीवादळाचा वारा क्वचितच पोचतो. पण बंगालच्या उपसागरातला कमी दाब ओडिशा-छत्तीसगडवरून सरकत येतो आणि पाणी आपल्या नद्यांत ओततो. 1991 मध्ये वर्धा नदीने नागपूर जिल्ह्यातलं मोवाड गाव उद्ध्वस्त केलं. 2020 च्या ऑगस्टअखेर वैनगंगेला महापूर आला, त्यातलं पुष्कळ पाणी मध्य प्रदेशातलं होतं. नदी फुगली की गावच्या नाल्याला तोंड उरत नाही, त्याचं पाणी उलटं फिरून धानाच्या बांध्यांत शिरतं. ते उतरल्यावर रोवलेल्या धानावर गाळाचा जाड थर बसलेला असतो, आणि तोवर पुन्हा रोवणी करायला पऱ्हे, म्हणजे धानाची रोपं, उरलेले नसतात.

म्हणून वादळ कुठे धडकलं एवढंच पाहू नका. कमी दाब कुठल्या नदीच्या खोऱ्यावरून जातोय आणि वरच्या धरणांची किती दारं उघडली, ते रोज बघा.